आहेराचं पॅकिंग : नवशिक्यांसाठी अकोला पद्धत

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि टीव्हीशेजारी पत्रिकांची चळत वाढू लागते. एकाच तारखेला जठारपेठेत एक, डाबकी रोडला एक आणि मूर्तिजापूरला एक. तिन्हीकडे हातात काहीतरी घेऊन जायचं असतं आणि ते चमकत असलं पाहिजे. आजवर आईच्या मागे मागे रिकाम्या हातांनी जाऊन पंगतीत बसत आला असाल आणि आता स्वतःचा संसार थाटला असेल, तर तुमची वेळ आली आहे. घाबरू नका. या कलेत आजवर कोणी नापास झालेलं नाही. ज्यांची चोरी उघडी पडली तेही पुढच्या हंगामात तेवढ्याच उमेदीने कागद कापताना दिसतात.

आधी एक गैरसमज काढून टाका. कलाकुसरीच्या वर्गांत शिकवतात की पॅकिंगने भेटवस्तूचं सौंदर्य खुलतं. खुलत असेल तिकडे. आपल्याकडे पॅकिंगला तीन कामं असतात. आत काय आहे ते लपवणं, ते केवढ्याचं आहे ते लपवणं, आणि ते मुळात कोणी कोणाला दिलं होतं ते लपवणं. पहिली दोन कामं कोणालाही जमतात. तिसरं जमलं की तुम्ही संसारी झालात.

साहित्य

चमकी कागदाचे दोन ताव, चिकटपट्टी, कात्री, रिबनचं तयार फूल, सुतळी, जुनी वर्तमानपत्रं आणि एक दिवाण. बाकी सगळ्याला पर्याय आहे, दिवाणाला नाही.

पायरी 1 : बाजारात जाऊ नका

नवशिके इथेच घसरतात. पत्रिका आली की पिशवी घेऊन टिळक रोडला निघतात. परत फिरा. गादी बाजूला करा आणि दिवाणाची फळी उचला. तुमच्या लग्नात आलेलं सगळं तिथे रजयांच्या शेजारी सुखरूप आहे. सहा ग्लास आणि जगाचा लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, कॅसरोल, बासरीवाला कृष्ण, काचेच्या पेटीतला ताजमहाल. याला अडगळ म्हणू नका. हे भांडवल आहे.

आता वर्गवारी करा. 'अ' वर्गात कधीच न उघडलेल्या वस्तू. 'ब' वर्गात उघडून, पाहून, "असू दे" म्हणत परत ठेवलेल्या. 'क' वर्गात एकदा वापरून धुतलेल्या. 'अ' वर्ग सोयऱ्यांसाठी राखून ठेवा. 'ब' वर्ग ऑफिसातल्यांच्या पोरापोरींसाठी. 'क' वर्ग अशा लग्नांसाठी, जिथे तुम्ही गेलात हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण गेला नाहीत हे सगळ्यांच्या लक्षात येतं.

भूगोल पक्का ठेवा. ज्या दिशेने वस्तू आली त्या दिशेला ती जाऊ नये. अकोटची वस्तू अकोटला देणं म्हणजे आत्महत्या. तेल्हाऱ्याची बाळापूरला, बाळापूरची पातूरला, पातूरची अमरावतीला, असा प्रवाह ठेवा. ज्या घरात हा नकाशा पाठ असणारी आजी आहे, त्या घराला कशाचीच भीती नाही.

पायरी 2 : इतिहास पुसा

वरची चिठ्ठी सगळेच काढतात. खरी चिठ्ठी आत असते, जगाच्या पोटात किंवा घड्याळाच्या सेलच्या झाकणाखाली. काही आत्या मुद्दाम दोन चिठ्ठ्या घालतात. बोट घालून चाचपून पाहा.

स्टीलच्या भांड्यांपासून लांब राहा. भांड्यांच्या दुकानात गंज किंवा परात घेतली की दुकानदार लगेच मशीन काढतो आणि कर्रकर्र आवाज करत काठावर कोरतो : अमुक अमुक यांजकडून सप्रेम भेट, खाली गाव, खाली तारीख. फिरत्या आहेरावर माणसाने केलेला हा सर्वांत क्रूर हल्ला आहे. त्यावर कितीही कागद गुंडाळा, काही उपयोग नाही. असं भांडं मुकाट्याने स्वयंपाकघरात लावा आणि त्यात वरण शिजवा. आहेर वापरात आलेला पाहून सुरुवातीला वाईट वाटेल, पण सवय होते.

तसबिरींचं काय करायचं, हा प्रश्न नाजूक आहे. शेगाव हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आपल्याकडच्या लग्नांत गजानन महाराजांच्या तसबिरी हमखास येतात. महाराजांना दिवाणात ठेवणं बरं दिसत नाही आणि भिंत तर आधीच भरलेली असते. नवा कागद घाला आणि दुसऱ्या घरी पोचवा. याला आहेर फिरवणं म्हणायचं नाही, भक्तीचा प्रसार म्हणायचं.

गाडगेबाबांच्या तसबिरीला मात्र कागद जाड घ्या. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने लग्नासाठी कर्ज काढू नका, असं कीर्तनाकीर्तनांतून कानीकपाळी ओरडून सांगितलं. तुम्ही त्यांना ज्या मांडवात नेत आहात, तो त्यांना कागदातून दिसता कामा नये.

पायरी 3 : कागद घालण्याआधी कागद वाचवा

थोडा इतिहास माहीत असावा. 1917 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानात ऐन नाताळात भेटी गुंडाळायचा पातळ कागद संपला. त्यांनी पाकिटांना आतून लावायचे नक्षीदार फ्रेंच ताव काढले आणि दहा सेंटला एक या भावाने विकायला ठेवले. बघता बघता संपले. त्याच दुकानाची पुढे हॉलमार्क कंपनी झाली. 1930 साली रिचर्ड ड्रू यांनी पारदर्शक चिकटपट्टी आणली आणि माणसाची सोय पूर्ण झाली. त्याआधी वस्तू उघडी दिली की घेणाऱ्याला देणाऱ्यासमोरच चेहरा सांभाळावा लागे. आता ते कष्ट घरी जाऊन घेता येतात.

तुम्हाला आलेल्या भेटीचा कागद कधीही फाडू नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्याचा उपयोग करून घ्या. दुपारी एक वाजता डबा गच्चीवर ठेवा. थोड्या वेळात पट्टीचा गोंद मऊ पडतो. नखाने हलकेच उचला, कागद अखंड सुटतो. तो गादीखाली सरळ करून ठेवा आणि दोन रात्री त्यावर झोपा. इस्त्री होते. थंड हवेच्या गावांतल्या लोकांना ही सोय नाही, त्यांच्याबद्दल मनात सहानुभूती असू द्या.

हेच ऊन उलटतंही. बारा-पस्तीसच्या मुहूर्ताला कौलखेडहून दुचाकीवर निघालेली भेट मांडवात पोचेपर्यंत स्वतःहून उघडलेली असते. म्हणून उन्हाळी पॅकिंगला पट्टी आडवी-उभी दोनदा मारा, वरून सुतळी बांधा आणि सुतळीवर रिबन.

चमकी कागदावर प्लास्टिकचा किंवा धातूचा थर असल्याने रद्दीवाला तो घेत नाही. हा त्याचा दोष समजू नका. रद्दीत जात नाही म्हणून तर तो तीन-चार लग्नं टिकतो. 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी घातलेल्या एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत मिठाईच्या डब्यांवरचं आणि निमंत्रणपत्रिकांवरचं वेष्टनही आहे. आपल्या घरात एकदाच वापरून टाकतात असं काहीच नसल्यामुळे मन शांत ठेवा.

कागद नकोच असेल तर कापड आहे. 2006 साली जपानच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी फुरोशिकीचा, म्हणजे वस्तू बांधायच्या चौकोनी कापडाचा, मोठा प्रचार केला होता. आपल्याकडे ब्लाऊजपीस हेच काम कोणत्याही मंत्र्याशिवाय करतो. तो कोणी शिवत नाही. ओटीच्या नारळाभोवती तो बांधला जातो, सुटतो, घडी होतो आणि पुढच्या बाईच्या ओटीत जातो. त्याचा रंग विचारू नका. रंग आवडून ब्लाऊजपीस घेतल्याचं कोणाला आठवत नाही.

पायरी 4 : आकार वाढवा

मांडवात वस्तूकडे कोणी पाहत नाही, खोक्याकडे पाहतात. मनगटी घड्याळ द्यायचं असेल तर कॅसरोलच्या खोक्यात घाला. कॅसरोल द्यायचा असेल तर मिक्सरच्या खोक्यात. मिक्सरच द्यायचा असेल तर तुम्ही मुलीचे मामा आहात आणि तुम्हाला या मार्गदर्शिकेचा उपयोग नाही.

मोकळी जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरा, पण आधी तारीख वाचा. आतून 2011 च्या विश्वचषकाची बातमी निघाली की भेट किती वर्षांची आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ताजा पेपर घाला.

आपला मुलूख कापसाचा असला तरी भरायला कापूस वापरू नका. घरात पुष्कळ पडला असेल, भाव वाढेल म्हणून खोलीत छतापर्यंत लावून ठेवला असेल, तरीही नको. अकोला जिल्ह्यात कापूस ही अशी एकमेव चीज आहे, जिला कितीही चांगलं गुंडाळलं तरी बाजारात कोणी जास्त पैसे देत नाही. तिच्यावर हा प्रयोग शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या करून पाहिला आहे.

पायरी 5 : पाकीट

पत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं छापलेलं असेल तर भारावून जाऊ नका. याचा अर्थ लेमन सेट नको एवढाच आहे. दाराशी वही घेऊन, टेबल मांडून कोणी बसलेलं दिसलं की पाकीट काढा.

रकमेसाठी स्वतःच्या लग्नाची वही उघडा. त्यांनी 2009 साली 101 रुपये दिले असतील तर आज किती द्यायचे? नवशिके इथे महागाईचा हिशेब मांडत बसतात. तुम्ही 151 घाला आणि स्वतःला उदार समजा. वरचा रुपया विसरू नका. शून्यावर व्यवहार संपतो आणि एकाने चालू राहतो, असं म्हणतात. त्यात खोटं काही नाही. तो वहीत चालू राहतो, तुमच्या नातवापर्यंत.

पन्नासाच्या नोटा घातल्या की पाकीट जाड होतं. पण जाडीवरचा विश्वास एकदा उडालेला आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या आणि लगेच तुळशीची लग्नं आली. त्या हंगामात जाड पाकीट हातात पडलं की घेणाऱ्याला आनंदाऐवजी धडकी भरायची.

लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही, तेव्हा रक्कम लपवायची ती सरकारपासून नव्हे, तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या चुलत जावेपासून. तामिळनाडूत मदुराईच्या एका कुटुंबाने 2021 साली लग्नपत्रिकेवर क्यूआर कोडच छापला होता. असल्या प्रगतीपासून सावध राहा. तिच्यात कागद जातो, पाकीट जातं, चिकटवलेला रुपया जातो आणि उरतो फक्त पुरावा.

पायरी 6 : आंदण

हा प्रगत अभ्यासक्रम आहे. पलंग, कपाट, कूलर अशा वस्तू कागदात मावत नाहीत, त्यांना फक्त रिबनचं फूल लावतात. कूलरच्या जाळीवर रिबन बांधू नका. दुपारच्या लग्नात वरपक्षाच्या खोलीतला भाड्याचा कूलर बंद पडतो, मग आंदणातलाच चालू करावा लागतो आणि रिबन पंख्यात जाते. टाकीत पाणी आधीच भरून ठेवा. व्याह्यांच्या हातून पहिली बादली ओतली जाणं शुभ मानत नाहीत.

आंदणाला खरं पॅकिंग शब्दांचं लागतं. हे वाक्य पाठ करा : "आमची काही मागणी नव्हती, त्यांनीच हौसेनं दिलं." बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही कागदापेक्षा हे जाड असतं. आत काय आहे ते मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि उघडायला कोणी जात नाही.

या वाक्याला भोक पाडण्याचा प्रयत्न सरकारने करून पाहिला आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा. त्याखालच्या 1985 च्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं आणि खाली दोघांच्या सह्या. तुमच्या ओळखीतल्या किती घरांत ही यादी आहे, ते विचारून कोणाला संकटात टाकू नका. त्याऐवजी आहेराची वही मागा. ती लगेच सापडेल, प्लास्टिकच्या पिशवीत, दागिन्यांच्या डब्याखाली. नाव, गाव, रक्कम, सगळं सुवाच्य. कायद्याची यादी मुलीच्या हक्कासाठी असते आणि वही आपल्या वसुलीसाठी. आपण कोणती सांभाळायची ते ठरवून टाकलेलं आहे.

पायरी 7 : सत्काराची शाल

पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने 1 जून जन्मतारीख लावलेली पिढी 31 मे रोजी एकदम निवृत्त होते. म्हणजे ज्या दिवशी अकोल्यात रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असतं, त्या दिवशी पन्नास-पन्नास माणसांना लोकरी शाल पांघरली जाते. ती शाल पूर्ण उलगडू नका. पारदर्शक पिशवीसकट खांद्यावर ठेवा, फोटो होऊ द्या, पुन्हा बगलेत घ्या. पिशवी फुटली की शालीची कारकीर्द संपते. नारळ मात्र त्याच आठवड्यात फोडा. तो एकच सत्कार नासतो.

पायरी 8 : प्रत्यक्ष देणं

स्टेजवर एकटे जाऊ नका, पाच-सहा जणांच्या घोळक्यात चढा. भेट दोन्ही हातांनी धरा, छायाचित्रकाराकडे पाहा आणि तो "झालं" म्हणेपर्यंत सोडू नका. त्या क्षणी नवरदेवाच्या मागे उभा असलेला भाऊ ती ओढून घेईल आणि खुर्चीमागच्या ढिगात टाकेल. ठक्क असा आवाज आला तर ताजमहाल होता. वळून पाहू नका. पंगतीकडे चला, वरण-बट्टी निवते आहे.

चिठ्ठीवर नाव मोठं आणि ठळक लिहा. वस्तू कोणती होती ते कोणाच्या लक्षात राहणार नाही. नाव नसलेली भेट दिली तर तुम्ही आलाच नव्हता असं धरतात, आणि मग त्याची फेड तुमच्या पोरीच्या लग्नात होते.

पायरी 9 : वस्तू परत आली तर

येणारच. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाल्यापासून लेमन सेटही लवकर पोचतो आणि तितक्याच लवकर परततो. अशा वेळी नवरा-बायकोचं बोलणं साधारण असं व्हायला हवं :

"अवो, हे घड्याय तं आपल्याच घरचं होय नं!"

"हळू बोल नं वं. काहून गाव गोया करून राह्यली?"

"अन् पोरानं पेनानं मिशी काढली होती नं आकड्यावर, थे बी हाय."

"मंग मिशी पुसून टाक. अन् आता कोनाच्या लग्नाले द्याचं थे सांग."

पाहा, रडारड नाही, देणाऱ्याला फोन नाही, अपमान नाही. घड्याळ पुसलं, कागद बदलला, तारीख पाहिली. सराईत घर असं असतं. त्या घड्याळात आजवर कोणी सेल घातलेला नाही, त्यामुळे ते अजून नवं आहे.

शेवटचं

एवढ्या सगळ्या कारभारात एखाद्याला खरोखरच नव्या जोडप्याला काही द्यावंसं वाटू शकतं. असं होतं कधीकधी, लाजू नका. त्याने साधं पाकीट घ्यावं, ऐपतीप्रमाणे नोट घालावी, वर नाव टाकावं, वहीतलं जुनं पान उघडू नये आणि पोरांना आशीर्वाद देऊन जेवायला बसावं. मुलीचं आंदण द्यायचंच असेल तर त्याची यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन, एक प्रत मुलीच्या हातात ठेवावी. या दोन्ही कामांना चमकी कागद लागत नाही आणि मार्गदर्शिकाही लागत नाही.

बाकीच्यांना एकच विनंती आहे. कागद फाडू नका, पुढच्या रविवारी लागणार आहे.